रांजणवाडी सारखी का होते? आणि तोवर शाळेत पाठवू की नको?

घोडबंदरची_गौरी (सोमवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. मुलगा तिसरीत आहे. उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीला परत रांजणवाडी झालीये. परत म्हणजे, दिवाळीपासून एक बसली की थोड्या दिवसांनी दुसरी, कधी या डोळ्याला तर कधी त्या. आज सकाळी स्कूलबसच्या मावशींनी "याचे डोळे आलेत, घरी ठेवा" म्हणून गेटवरूनच परत पाठवला.

घरात तीन पक्ष झालेत. सासूबाई लवंग उगाळून लावायच्या बाजूच्या. नवरा म्हणतो मागच्या वेळी केमिस्टने दिलेले ड्रॉप उरलेत तेच घाल, दोन दिवसांत बसतं. मी आपली गरम रुमाल घेऊन मागे धावतेय, पण हा पठ्ठ्या दोन मिनिटं एका जागी बसेल तर शपथ.

प्रश्न एवढाच की ही दुसऱ्याला लागते का? आणि पुन्हा पुन्हा का होते? आमच्या बिल्डिंगसमोर मेट्रोचं काम आहे, खिडकीच्या कट्ट्यावर रोज बोटभर धूळ. त्याने असेल का? डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळालीये. तोवर अनुभव सांगा.

अर्धा_चहा (१०:४४)

कुत्र्याला शी करताना बघितलं असेल त्याने. विषय संपला, धागा बंद करा :)

नौपाड्याची_नात (१०:५८)

अर्धा चहा, हसू नका, आमच्याकडेही हेच सांगायचे! शाळेत जाताना कुत्रा दिसला की आम्ही मैत्रिणी माना फिरवायचो.

गौरी, आमच्या आजीचा उपाय सांगते. पहाटे उठल्या उठल्या, तोंड न धुता, कुणाशी न बोलता तर्जनी डाव्या तळहातावर खसाखसा घासायची. बोट चांगलं तापलं की रांजणवाडीवर टेकवायचं. असं पाच-सात वेळा. वर शिळ्या तोंडाची थुंकी लावायची. आमच्या अख्ख्या वाड्यात याच्यावरच भागायचं, डोळ्याचा डॉक्टर कुणी बघितला नव्हता.

खाडीवरचा_दादूस (११:१०)

मना लहानपनी रांजनवारी जाली का आजी लसून ठेचून लावाची. डोल्याची निस्ती आग आग! रांजनवारी परवरली पन ती लसून नको.

शेवग्याचं_झाड (११:१५)

दादूस, लसूण पापणीला?? माझ्या मावसभावाला असाच लावला होता. रांजणवाडी गेली चार दिवसांनी, पण पापणीवर भाजल्यासारखा काळा डाग पडला तो लग्नाच्या फोटोतसुद्धा दिसतो. फोटोग्राफरला वाटलं मेकअप फिसकटलाय.

आमच्याकडे चिंचोका सहाणेवर उगाळून लावत. गार वाटायचं एवढं खरं. वाळला की पापणी अशी ताणायची की डोळा मिटता येईना.

ऐरोलीचा_पूल (११:३२)

उष्णता आहे अंगात, दुसरं काही नाही. सब्जा घाला दुधात, गुलकंद द्या, आणि आंबे, चिकन, अंडी बंद. डोळ्यात चांगल्या गुलाबपाण्याचे दोन थेंब.

देवगड_पेटी (११:३४)

दिवाळीपासूनच्या रांजणवाडीला आंबा जबाबदार? आंबे बंद करा म्हणणाऱ्यांचे आयडी बंद करा.

डोळस (मंगळवार, सकाळी ७:०५)

डोळ्यांचा डॉक्टर आहे, नवी मुंबईत प्रॅक्टिस करतो. न बघता निदान करता येत नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजून वाचा.

गौरीताई, आधी शाळेचं. डोळे आले की डोळ्याचा पांढरा भाग लाल होतो, पाणी गळतं, सकाळी चिपडांनी पापण्या चिकटतात. रांजणवाडीत पापणीच्या कडेला एका ठिकाणी ठणकणारी पुळी असते, पांढरा भाग बहुतेक वेळा स्वच्छ असतो. २०२३ च्या पावसाळ्यात आपल्याकडे डोळ्यांची जी मोठी साथ आली ती बहुतांशी विषाणूंची होती आणि वर्गच्या वर्ग घरी बसले होते. तेव्हापासून पापणी लाल दिसली की बसच्या मावशी घाबरतात, त्यांना दोष देता येत नाही. पण रांजणवाडी तशी पसरत नाही. आत पू असतो आणि पुवात जिवाणू असतात, म्हणून टॉवेल नि उशीचा अभ्रा वेगळा ठेवा, हात धुवायला लावा आणि खुशाल शाळेत पाठवा.

पापणीच्या केसाच्या मुळाशी तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. तोंड बुजलं, आत जिवाणू वाढले की सूज आणि पू. बहुतेक वेळा हा जिवाणू स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतो. काहीही आजार नसलेल्या बऱ्याच माणसांच्या नाकातसुद्धा तो मुक्कामाला असतो. नाकात गेलेलं बोट तसंच डोळ्याला गेलं की काय होणार ते तिसरीतल्या मुलाच्या आईला सांगायला नको. पापणीच्या आत खोलवर मायबोमियन ग्रंथींची दुसरी रांग असते, वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. तिथे पू झाला तर आतली रांजणवाडी. ती जास्त ठणकते आणि बाहेरून फक्त सूज दिसते.

इलाज म्हणाल तर शेक. स्वच्छ फडकं सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या पापणीवर दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. फडकं मिनिट-दोन मिनिटांत गार होतं आणि लोक तेच गार फडकं धरून बसतात! परत परत बुडवायचं. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. पिळून पू काढायला जाऊ नका, संसर्ग आजूबाजूच्या पेशींत पसरतो. बहुतेक रांजणवाड्या आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप फुटतात किंवा विरतात.

ताप आला, पूर्ण पापणी सुजून डोळा उघडेनासा झाला, डोळा फिरवताना दुखायला लागलं, बुबुळ पुढे आल्यासारखं वाटलं, दोन-दोन दिसू लागलं किंवा नजर अंधुक झाली तर गुरुवारची वाट बघायची नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल.

आणि ते उरलेले ड्रॉप. बाटलीवरच्या घटकांत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असलं काही लिहिलंय का बघा. ते स्टिरॉइड. लाली झटक्यात उतरते म्हणून जादू वाटते, पण डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय वारंवार घातलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि मुलाला तर तो सांगताही येत नाही. शिवाय उघडून महिना झालेली बाटली तशीही टाकायचीच असते.

घोडबंदरची_गौरी (७:५०)

डोळस, खूप आभार. बाटली बघितली. डेक्सामेथासोन आहे. नवरा आता ती बाटली माझ्याकडे बघत कचऱ्यात टाकतोय, चेहरा बघण्यासारखा आहे.

शंकासुर (९:२०)

माझी एक शंका. नौपाड्याच्या आजीने बोट तापवलं, डॉक्टरांनी फडकं तापवलं. मग आजीचं ते अंधश्रद्धा आणि डॉक्टरांचं ते शास्त्र, असं का? शेकाने रांजणवाडी लवकर बरी होते याची चाचणी कुणी केलीये का?

पांढरी_गुंज (१०:१५)

वैद्य आहे, ठाण्यातच. शंकासुरांचा मुद्दा रास्त आहे, त्यात माझीही भर.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे ७६ रोग सांगितलेत, त्यातले २१ पापणीचे. त्यात अंजननामिका म्हणून जी दिली आहे ती ही: पापणीवर उठणारी तांबूस, मऊ, बारीक पुळी, दाह आणि टोचणी असलेली. उपचाराचा क्रम बघा. आधी स्वेदन, म्हणजे शेक. फुटल्यावर वैद्याने दाबून निचरा करायचा. मग मनःशिला, वेलची, तगर, सैंधव मधात कालवून घासून लावायचं. आणि 'लगण' वेगळी सांगितली आहे: न पिकणारी, कठीण, जाड, न दुखणारी गाठ. डोळस हिला कलेझियन म्हणतील. ठणकणारी आणि न ठणकणारी अशा दोन गाठी तेव्हाच वेगळ्या ओळखल्या होत्या.

आता कुणी हे वाचून काष्ठौषधीच्या दुकानात जाऊ नका. मनःशिला म्हणजे आर्सेनिकचं सल्फाइड. ती शुद्ध करणं, मात्रा ठरवणं हे घरगुती काम नव्हे, आणि मी स्वतः पापणीला वापरत नाही. लवंगही नको. तिच्यातलं तेल तिखट असतं, पापणीची कातडी अंगातली सर्वांत पातळ, आणि मूल डोळा चोळणारच. सासूबाईंना लवंग चहात घालायला सांगा.

ऐरोलीकर, अंगातली उष्णता हा आमच्याकडचा विचार आहेच, पण अंडी-चिकन बंद करून वाढत्या मुलाची प्रथिनं तोडू नका. सब्जा पिऊ दे, नुकसान नाही.

डोळस (दुपारी १:४०)

शंकासुर, प्रामाणिक उत्तर देतो. आतल्या रांजणवाडीच्या शस्त्रक्रियेविना उपचारांवर कोक्रेनने (उपचारांच्या चाचण्या गोळा करून तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आढावा घेतला, तेव्हा त्यांच्या निकषात बसणारी एकही चाचणी सापडली नाही. शेक नाही, मलम नाही, पापणी धुणं नाही. म्हणजे हे चालत नाही असं सिद्ध झालं नाही, पण चालतं असंही नीट तपासलेलं नाही. तरी आम्ही शेक सांगतो, कारण ग्रंथीतलं तेल उबेने पातळ होतं, तोंड मोकळं व्हायला मदत होते आणि नीट केला तर धोका जवळजवळ शून्य.

शंकासुर (१:४४)

म्हणजे आजीबाईचा बटवाच की, फक्त पांढऱ्या कोटातला! डोळस, हे उघड मान्य करणारे तुम्ही पहिले डॉक्टर भेटलात.

डोळस (१:५२)

बटव्यातलं काय उचलायचं आणि काय नाही, तेवढाच फरक. बोटाची ऊब घ्या, हात साबणाने धुऊन. पण ती काही सेकंदच टिकते, फडकं बरं. थुंकी अजिबात नको, तोंडात जिवाणूंची कमी नसते. लसूण नको. सोन्याची अंगठी घासून लावतात तीही नको, नक्षीतला मळ पापणीत जातो.

नौपाड्याची_नात (२:३०)

मान्य आहे सगळं, पण थोडं लागलंही. आजीच्या हाताखाली आम्ही अकरा नातवंडं वाढलो, कुणाचा डोळा गेला नाही. तिच्याकडे गरम पाण्याचा नळ नव्हता, चूल पेटायच्या आधीची वेळ असायची. बोटाशिवाय होतं काय तिच्याकडे? आणि कुणाशी न बोलता बसायला लावायची त्यामागे मला आता वाटतं की पोर पाच मिनिटं गप्प बसावं एवढाच हेतू असेल.

पांढरी_गुंज (२:४१)

नातताई, हे पटलं. व्रताचं रूप दिलं की पोरं ऐकतात, "दहा मिनिटं शेक घे" म्हटलं की पळतात. गौरीताईंनी मौनव्रत लावून बघावं.

मासुंदा_काका (सायं ६:१५)

तळ्याला फेरी मारून आलो, धागा वाचला. जुनं काही सांगतो, अवांतर आहे.

आमच्या लहानपणी डोळ्याचं दुखणं म्हटलं की खुपऱ्या. पापणी उलटी करून बघितली की आत साबुदाण्यासारखे दाणे. माझ्या थोरल्या बहिणीला होत्या. दवाखान्यात पापणी उलटून निळा मोरचूद घासायचे, ती किंचाळायची ते अजून आठवतं. पुढे पिवळं मलम मिळायला लागलं. आमच्या गावाकडच्या एका आजोबांच्या पापण्या आत वळल्या होत्या, केस बुबुळावर घासायचे. ते आरशात बघून चिमट्याने स्वतःच केस उपटत बसायचे. शेवटी बुबुळ पांढरं झालं. आता कुणाला हा शब्दही माहीत नसेल.

डोळस (७:०२)

काका, अवांतर कसलं, तोही जिवाणूच, क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस. इंग्रजीत ट्रॅकोमा. पुन्हा पुन्हा संसर्ग होऊन पापणीच्या आत व्रण पडतात, पापणी आत वळते, केस घासून बुबुळ जातं. तुमच्या आजोबांचं अगदी तेच झालं. देशाने १९६३ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात ट्रॅकोमा ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नाही असं जाहीर केलं. औषधाचा वाटा आहेच, पण तोंड धुवायला पुरेसं पाणी आणि कमी झालेल्या माश्या यांचाही तेवढाच. तुमचं पिवळं मलम बहुधा टेट्रासायक्लिनचं.

देवगड_पेटी (७:२०)

काका, साबुदाण्याची उपमा आज उपवासाच्या दिवशी द्यायची होती का?

वाशी_लोकल (रात्री ९:४८)

मोठ्यांसाठी एक अनुभव. मी बँकेत आहे, वय पंचेचाळीसच्या पुढे. मागच्या पावसाळ्यात एकामागून एक रांजणवाड्या. ऑफिसात सगळे म्हणाले स्क्रीन कमी कर, बायको म्हणाली गॉगल लाव, मी लावला. सानपाड्याच्या डॉक्टरांनी डोळा बघितला आणि विचारलं, "मधुमेह तपासलाय कधी?" रिपोर्टमध्ये उपाशीपोटीची साखर २१४. घरात आई-वडील दोघांना मधुमेह, मी मात्र स्वतःला सुटलेला समजत होतो. गोळ्या चालू झाल्यापासून पापणी शांत आहे. योगायोग असेलही, पण चाळिशीच्या पुढच्यांनी सारखी होत असेल तर एक रक्ततपासणी करून घ्या.

शेवग्याचं_झाड (९:५५)

आणि बाळांच्या डोळ्यांत काजळ? माझी आई अजून एरंडेलाच्या दिव्यावर काजळ धरते. तिच्या मते त्याने डोळे मोठे होतात आणि रांजणवाडी होत नाही.

पांढरी_गुंज (१०:२०)

अंजन शास्त्रात आहे, पण बोटाने बाळाच्या डोळ्यात काजळ नको. नखातला मळ आधी जातो. बाजारातल्या काही सुरम्यांत शिसं सापडलेलं आहे, ते तर नकोच नको. दृष्ट लागू नये म्हणून लावायचंच तर तीट कपाळाला नि गालाला लावा.

अर्धा_चहा (१०:२३)

कान हा अवयव मागे राहिलाय, त्याच्याही मागे लावतात.

ऐरोलीचा_पूल (१०:३१)

डॉक्टर आणि वैद्य दोघेही माझ्या गुलाबपाण्यावर गप्प आहेत, म्हणजे ते चालतं असं समजतो.

डोळस (१०:४०)

चालत नाही. ते निर्जंतुक नसतं. जिलेबीवर शिंपडा.

घोडबंदरची_गौरी (गुरुवार, रात्री ९:१५)

आज जाऊन आलो. आधी चांगली बातमी, मौनव्रताचा प्रयोग यशस्वी! "शेक संपेपर्यंत बोललास तर परत पहिल्यापासून" असं सांगितलं, आणि आजीने शेजारी बसून घड्याळ धरलं. सासूबाईंना काम मिळालं, लवंगेचा विषय मागे पडला. पुळीला तोंड आलंय. डॉक्टरांनी यंत्रातून बघून त्या पुळीतला पापणीचा एकच केस चिमट्याने काढला, बारीकसा पू आला, मलम लिहून दिलं. घरी असं काही करायचं नाही हे बजावून सांगितलं.

मग त्यांनी नंबर तपासला. दोन्ही डोळ्यांना तिरपा नंबर आहे, म्हणजे सिलिंड्रिकल. फळ्यावरचं नीट दिसत नाही म्हणून हा डोळे बारीक करतो, ताण येतो, चोळतो, आणि तेच हात मैदानातून आलेले. शिवाय केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे पापुद्रे आहेत म्हणाले. पापण्या रोज कोमट पाण्यात फडकं बुडवून पुसायच्या. धुळीबद्दल विचारलं तर म्हणाले, धुळीने चोळणं वाढतं, पण सगळं बिल मेट्रोवर फाडू नका.

शाळेला देण्यासाठी चिठ्ठी घेतली. बसच्या मावशींना फोटोसकट पाठवलीये.

वाशी_लोकल (९:३०)

चष्म्याची फ्रेम रबराची घ्या, मुलं त्यावर बसतात.

शंकासुर (९:३८)

नंबरामुळे रांजणवाडी हे जरा ओढूनताणून वाटतं. जिवाणूला काय माहीत सिलिंड्रिकल.

डोळस (९:५०)

जिवाणूला नसेल माहीत, बोटांना असतं. आमच्या पाठ्यपुस्तकांत वारंवार होणाऱ्या रांजणवाडीच्या कारणांत न सुधारलेला नंबर आणि डोळे चोळणं शेजारी-शेजारी असतात. चष्मा लावल्यावर कधीच होणार नाही असं मात्र मी म्हणणार नाही, गौरीताईंच्या डॉक्टरांनीही म्हटलं नसेल. पापणी पुसणं चालू ठेवा, ते लोक पंधरा दिवसांत सोडतात.

कळवा_कारशेड (शुक्रवार, सकाळी ८:१०)

उशिरा आलो. डोळस, माझ्या वडिलांना (वय ७१) खालच्या पापणीत गाठ आहे, दुखत नाही. मागच्या वर्षी एकदा चिरून काढली होती, आता त्याच जागी परत आलीये. तेवढ्या भागातले पापणीचे केसही गळलेत. ते म्हणतात जुनीच रांजणवाडी आहे, शेकून जाईल. वाट बघू का?

डोळस (८:२५)

नका बघू. बहुतेक वेळा अशी गाठ कलेझियनच निघते, घाबरून जाऊ नका. पण उतारवयात, काढलेल्या जागी परत आलेली आणि केस गळलेली गाठ असेल तर तुकडा काढून तपासायलाच हवा, तेलग्रंथीचा कर्करोग हुबेहूब तसाच दिसू शकतो. मागच्या वेळी काढलेलं तपासायला पाठवलं होतं का ते कागदांत शोधा. रिपोर्ट असेल तर तो घेऊन या आठवड्यातच दाखवा. पापण्यांच्या शस्त्रक्रिया करणारे ऑक्युलोप्लास्टी सर्जन असतात, शक्यतो त्यांनाच.

कळवा_कारशेड (८:३१)

कागद आईच्या ट्रंकेत असतील. संध्याकाळी ड्युटीवरून आलो की काढतो आणि तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) करतो.